लिफ्ट बाटू नये म्हणून

आमच्या रहाटणीच्या सोसायटीत दोन लिफ्ट आहेत. मोठी माणसांसाठी आणि छोटी उरलेल्यांसाठी. उरलेले म्हणजे कचऱ्याचे डबे, कुत्री, डिलिव्हरीची पोरं आणि धुणंभांडीवाल्या बायका. ही वाटणी मी केलेली नाही, कमिटीने केली आहे आणि तसा बोर्डही लावलाय. बोर्डावर कुत्री बायकांच्या आधी येतात, कारण कुत्र्यांचे मालक मेंटेनन्स भरतात.

मोठी लिफ्ट चांगली लांबरुंद आहे. आजारी माणसाला आडवं नेता यावं म्हणून अशी एक लिफ्ट ठेवावीच लागते, असं बिल्डरचा माणूस फ्लॅट विकताना सांगत होता. छोटीत चार माणसं उभी राहिली की पाचव्याला श्वास घ्यायला परवानगी मागावी लागते. ज्या दिवशी मोठी लिफ्ट सुरू झाली, त्या दिवशी चेअरमन साहेबांनी तिची पूजा केली. त्यांनी नारळ कुठे फोडावा? थेट दाराच्या फटीवर! नारळाचं पाणी गेलं खाली वायरींत आणि उद्घाटन झालेली लिफ्ट त्याच दिवशी बंद पडली. दुरुस्तीवाला आला, त्याने कपाळाला हात लावला. पण कमिटीने त्यातून योग्य तो बोध घेतला. लिफ्टला देवाचं संरक्षण कमी पडतंय असं ठरलं आणि आत आरशाच्या वर गणपतीची एक फ्रेम चिकटवण्यात आली. तेव्हापासून आमची मोठी लिफ्ट पवित्र आहे.

ती किती पवित्र आहे हे कळायला सातव्या मजल्यावरची वास्तुशांत आठवावी लागेल. त्या लोकांना गृहप्रवेशाला गाय हवी होती. आता रहाटणीत गाय कुठून आणणार? पण आमच्याकडे सगळं मिळतं. पिंपळे गुरवच्या एका गोठेवाल्याकडून गाय तासाच्या बोलीवर आली, टेम्पोतून उतरली, झूल बिल घातलेली, आणि मोठ्या लिफ्टमध्ये उभी राहिली. ती बिचारी आयुष्यात पहिल्यांदा लिफ्टमध्ये चढत होती. दार लागलं, लिफ्ट हलली आणि घाबरून तिने करायचं ते सगळं तिथेच करून टाकलं. सातव्या मजल्यावर दार उघडलं तेव्हा आतला वास असा होता की विचारू नका. आणि बाहेर जमलेली मंडळी काय म्हणाली असतील? "वा! शुभशकुन झाला!" चेअरमनच्या मिसेसनी तर त्यातलं थोडं वाटीत काढून घरी नेलं. दोन दिवस आम्ही सगळे नाकाला पदर लावून त्या शुभशकुनातून वरखाली करत होतो. त्या वेळी लिफ्ट बाटली असं कुणीही म्हणालं नाही. उलट आमच्या लिफ्टची इज्जत वाढली.

बाटण्याचं हे असंच असतं. मी नोकरीभर एका कंपनीच्या टाइम ऑफिसात बसले. उशिरा येणाऱ्यांच्या थापा ऐकणं हाच माझा धंदा. तिथे कॅन्टीनमध्ये एकच ओव्हन होता. कुणीतरी त्यात सुरमई गरम केली आणि ओव्हन बाटला. मग दुसरा ओव्हन आला. त्यावर हिरवा ठिपका लागला. हिरव्या ठिपक्याच्या ओव्हनमध्ये आमचे एक साहेब गुपचूप अंडाभुर्जी गरम करायचे, पण ते साहेब असल्यामुळे तो बाटायचा नाही. लहानपणी कासारवाडीला आमच्या चाळीतल्या म्हाताऱ्या 'शिवू नको' म्हणायच्या. आता कुणी तसलं म्हणत नाही, आम्ही सुधारलोय. आता 'हायजीन' म्हणतात, 'सोसायटीचा नियम' म्हणतात, 'लोकांच्या भावना' म्हणतात. शब्द बदलले की पाप धुतलं जातं, असा आमचा समज.

आता ज्याच्यासाठी हे सगळं सांगतेय त्याच्याकडे येते. अकराव्या मजल्यावर माझ्या समोरच्या दारात लातूरकडचं एक कुटुंब राहतं. नवरा चाकणला एका कारखान्यात फिटर, बायको घरी शिवणकाम करणारी, मुलगी लग्न होऊन नाशिकला. आणि त्याची आई. म्हातारी गावाकडे पडली, खुब्याचं हाड मोडलं, म्हणून त्याने तिला इकडे आणलं. ती आली तीच मोठ्या लिफ्टमधून, स्ट्रेचरवर. तेव्हा चेअरमन साहेबांनी स्वतः दार धरलं होतं आणि "या या आजी" म्हणाले होते. खोटं का बोलू? इथे आल्यावर ते हाड पुन्हा मोडलं. डॉक्टरांनी सांगितलं, आता खाटेवरून हलवायचं नाही. चादर बदलायची म्हटलं तरी म्हातारी अशी ओरडायची की माझ्या स्वयंपाकघरात मला ऐकू यायचं.

तो शिफ्ट सुटून आला की बूटही न काढता आधी आईच्या खाटेशी बसायचा. चहा बशीत ओतायचा, फुंकर घालायचा आणि तिला पाजायचा. म्हातारी गोडाची भुकेली. "साखर काऊन कमी घातली रं?" म्हणून त्याच्यावर रागवायची आणि तो हसायचा. मला काकू म्हणायचा. माणूस साधा होता, पण अगदी गरीब गाय वगैरे नव्हता हं. पार्किंगवरून माझ्या मिस्टरांशी दोनदा कडाकडा भांडला होता.

मागच्या हिवाळ्यात फर्स्ट शिफ्टला गेला आणि मशीनजवळच कोसळला. कंपनीच्या गाडीने दवाखान्यात नेलं, पण वाटेतच सगळं संपलं होतं. पन्नाशीही गाठली नव्हती. फोन आला तेव्हा त्याची बायको पोळ्या लाटत होती. मी धावत गेले. तवा तसाच धुमसत होता. मी गॅस बंद केला आणि तिला धरून बसले. आतल्या खोलीतून म्हातारी विचारत होती, "कोण आलंय गं? काय झालं?" तिला सांगावं लागलं. मीच सांगितलं. ती रडली नाही. इतकंच म्हणाली, "मला दाखवा त्याला. मला दाखवल्याबिगर नेऊ नका."

बस्स. म्हातारीला दुसरं काही नको होतं.

दुपारपर्यंत पोस्टमॉर्टेम झालं. कंपनीतले त्याचे जोडीदार बरोबर होते. अँब्युलन्स निघाली असा त्यांचा फोन आला, आणि फोन ठेवतेय तोवर दारात चेअरमनच्या मिसेस आणि त्यांच्याबरोबर आणखी एक कमिटीवाल्या बाई हजर. दोघींचे चेहरे अगदी दुःखी. मला वाटलं, चला, आल्या, आता मदत होईल. त्या बसल्या, उसासे टाकले आणि मग मिसेस चेअरमननी हळूच विषय काढला. म्हणाल्या, "खाली पार्किंगमध्ये दर्शनाची सोय केलीय हं. छान मंडप टाकतो, खुर्च्या टाकतो. वर आणायची गरज नाही."

मी म्हटलं, "अहो, मावशींना बघायचंय त्याला. त्यांना हलवता येत नाही."

"त्यांना काय कळतंय आता? झोपल्यात त्या." मिसेस चेअरमननी आतल्या खोलीतल्या खाटेकडे मान वळवली. म्हातारी डोळे मिटून पडली होती. "आणि काय आहे ना, मोठ्या लिफ्टमध्ये बाप्पा आहेत. लहान मुलं जातात, सणवार असतो. विटाळ होतो हो. मग सगळी लिफ्ट धुवा, गोमूत्र शिंपडा, कुणी करायचं? एवढं वाटत असेल तर आजींनाच हळूहळू खाली आणू."

म्हणजे जिवंत म्हातारीचा जीव गेला तरी चालेल, पण मेलेला माणूस वर यायला नको! आणि समजा आणताना म्हातारी लिफ्टमध्येच गेली असती, तर? तेव्हा लिफ्ट बाटली असती की नाही, यावर एक मीटिंग लावली असती ह्यांनी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी दोघींना म्हटलं, "उठा. चपला घाला. आणि निघा." त्या गेल्या. त्याची बायको भिंतीला टेकून नुसती बघत होती. तिला बोलायचंही त्राण नव्हतं. त्यामुळे बोलायचं काम माझ्याकडे आलं, आणि त्यात मी कधी कमी पडलेले नाही.

खाली आले तर मोठ्या लिफ्टवर बोर्ड लटकलेला. 'लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद आहे. गैरसोयीबद्दल क्षमस्व.' आता मी त्याच लिफ्टने खाली उतरले होते! तिच्यातून बाहेर पाऊल टाकलं आणि सिक्युरिटीच्या मामांनी माझ्या डोळ्यांदेखत बोर्ड लावला. मी म्हटलं, "मामा, काय बिघडलं हिचं?" मामा बिचारे जमिनीकडे बघायला लागले. म्हणाले, "मला सांगितलंय तेवढं केलं, ताई." आयुष्यभर थापा ऐकल्यात मी. टायर पंक्चर झालं, सासऱ्यांना चक्कर आली, गेटवर गर्दी होती. पण माणूस मेल्यावर लिफ्ट आजारी पाडायची, ही थाप मी पहिल्यांदाच ऐकली.

चेअरमन साहेब नोटीस बोर्डापाशी उभे होते. बरोबर तिसऱ्या मजल्यावरचे वकील. हे वकीलसाहेब म्हणजे भाडेकरारात मुरलेला माणूस. पण सोसायटीत कुणाची कार कुणाला घासली तरी त्यांना बोलावलं जातं आणि ते आले की आपण सुप्रीम कोर्टात उभे आहोत असं सगळ्यांना वाटतं. मी सरळ विचारलं, "साहेब, बोर्ड काढता की मी काढू?"

चेअरमन म्हणाले, "वहिनी, भावना समजून घ्या. मला व्यक्तिशः काहीच नाही. पण लोकांचं ऐकावं लागतं." हे 'लोक' कोण असतात, ते मला अजून सापडलेले नाहीत. प्रत्येक जण व्यक्तिशः चांगलाच असतो.

मग वकीलसाहेबांनी घसा साफ केला. "त्यात कायदेशीर बाजूही आहे, काकू. एखाद्या समाजाला पवित्र असलेली वस्तू अपवित्र करणं हा गुन्हा आहे. लिफ्टमध्ये देवाची प्रतिमा आहे. उद्या कुणी तक्रार केली, तर कमिटी अडचणीत येईल."

"कुठे लिहिलंय? दाखवा."

त्यांनी फोन काढला. वाचायला लागले. वाचता वाचता आवाज जरा बारीक झाला. कारण त्यात असं होतं की, एखाद्या धर्माचा अपमान करायच्या हेतूने केलं तर गुन्हा. मी म्हटलं, "हेतू म्हणालात ना? मग त्याचा हेतू काय असेल? तो मेलाय, वकीलसाहेब."

"त्याचा नाही, आणणाऱ्यांचा."

"आणणाऱ्यांचा हेतू त्याच्या आईला त्याचं तोंड दाखवायचा आहे. हा कुठल्या धर्माचा अपमान होतो ते सांगा, म्हणजे मी त्या धर्मातून नाव काढते. आणि आता पुढचं वाचा. खाली सरकवा जरा."

सरकवावं लागलं. तिथेच थोडं खाली, मृतदेहाची विटंबना करणं आणि अंत्यविधीला जमलेल्यांना त्रास देणं हाही गुन्हा, असं निघालं. तिथेही हेतूची अट होतीच, कायदा सगळ्यांनाच पळवाट ठेवतो. पण वकीलसाहेबांनी फोन खिशात घातला. म्हणाले, "दोन्ही बाजूंनी मुद्दे आहेत." मी म्हटलं, "हो ना. एका बाजूला चिकटपट्टीवरची फ्रेम आणि दुसऱ्या बाजूला माणूस. अगदी तुल्यबळ."

तेवढ्यात अँब्युलन्स आत आली. त्याचे कंपनीतले जोडीदार उतरले. अंगावर युनिफॉर्म, पायात सेफ्टी शूज, शिफ्टमधून तसेच आलेले. त्यांच्यात एक मेकॅनिक होता, काळेवाडीचा मुसलमान, दाढीवर हात फिरवत नुसता रडत होता. सकाळी ह्यानेच त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं म्हणे. त्यांनी स्ट्रेचर काढलं आणि लिफ्टपाशी आणलं. बोर्ड वाचला. एकमेकांकडे बघितलं. त्यातला एक जण म्हणाला, "चालंल, राव, छोट्या लिफ्टनं नेऊ."

त्यावर चेअरमन साहेब काय म्हणाले ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. म्हणाले, "हो, छोटीने जाईल की. जरा उभं धरावं लागेल, एवढंच."

उभं धरावं लागेल! पोस्टमॉर्टेम करून शिवलेला माणूस! त्या पोरांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. मला एवढी लाज वाटली, एवढी लाज वाटली की माझाच गळा दाबावा असं झालं. ह्या लोकांबरोबर मी झेंडावंदनाला उभी राहते, कोजागिरीचं दूध पिते.

मग मी विचार बिचार केला नाही. बोर्ड ओढून काढला, मामांना म्हटलं "चालू करा", आणि मामांनी इतक्या झटपट बटण दाबलं की ते वाटच बघत असावेत. आत गेले. आरशावरची फ्रेम दोन्ही हातांनी धरली. "बाप्पा, या जरा बाहेर. तुम्हाला पुढे करून काय काय चाललंय बघा." चिकटपट्टी जाम होती. चरचर आवाज करत निघाली, भिंतीचा रंगही निघाला. बाहेर आले आणि फ्रेम वकीलसाहेबांच्या हातात दिली. "घ्या. आता ही फक्त लिफ्ट आहे. झालं कायद्याचं समाधान?"

"अहो, ही विटंबना आहे!" चेअरमन ओरडले. "काढताना पूजा तरी करायची!"

वकीलसाहेबांची पंचाईत बघण्यासारखी होती. फ्रेम खाली ठेवता येईना, जमिनीवर ठेवली तर अपमान. चपला घातलेल्या, म्हणून नीट धरताही येईना. दोन्ही हात गुंतलेले, त्यामुळे कुणाला अडवणंही जमेना. तेवढ्यात पोरांनी स्ट्रेचर आत घेतलं. आडवं. अगदी आरामात मावलं, बाजूला चार माणसं उभी राहतील एवढी जागा उरली. मीही आत शिरले. दार लागलं.

वर त्याला म्हातारीच्या खाटेला लागून ठेवलं, स्टुलाला स्टूल लावून, म्हणजे तिला मान उचलावी लागू नये. चेहऱ्यावरची चादर त्या मेकॅनिकने बाजूला केली. म्हातारीने हात लांब केला. आधी कपाळावरून फिरवला, मग गालावरून, मग कान चाचपला. "गार पडलाय," म्हणाली. मग सुनेला म्हणाली, "दाढी करून दिली न्हाई का गं कुणी याची?" आणि तेव्हा ती रडली. तिच्या त्या रडण्याने घर हललं. मी आजवर कुणाच्या मरणाला इतकी रडले नव्हते. माझी स्वतःची आई गेली तेव्हासुद्धा नाही.

गर्दी झाली होती. एकेक करत मजल्यामजल्यावरचे लोक वर येऊन दारात उभे राहिले. चेअरमन साहेबही आले. कसे आले ते मी विचारलं नाही, पण धापा टाकत होते, म्हणजे जिन्याने आले असावेत. तोंड उतरलेलं होतं. व्यक्तिशः त्यांना वाईटच वाटत होतं.

तुळशीचं पान ठेवून झालं, गंगाजल घालून झालं. पोरं उचलायला वाकली. म्हातारी म्हणाली, "थांबा."

सगळे थांबले.

"खाली नेताना जिन्यानं न्या."

मी म्हटलं, "मावशी, कशाला? लिफ्ट चालू आहे. कुणी काही म्हणणार नाही, मी बघते."

"न्हाई बाई. मघा त्या बाया आल्या, तवा मी जागी व्हते." ती माझ्याकडे बघत नव्हती. मुलाकडेच बघत होती. "माझं लेकरू गेल्यावर त्याच्या मागं कुणी गोमूत्र शिंपडायला नको. जिन्यानं न्या. जिना कुणाचाच नसतो."

मग चेअरमन साहेब पुढे झाले. खरंच झाले, खोटं नाही सांगत. डोळ्यांत पाणी होतं. त्यांनी बाह्या वर केल्या, स्ट्रेचरचा एक कोपरा धरायला हात पुढे केला आणि म्हणाले, "आजी, मी धरतो. माझ्या धाकट्या भावासारखा होता."

म्हातारीने पहिल्यांदा त्यांच्याकडे नीट बघितलं.

"तुमी नका धरू," ती म्हणाली. आवाज अजिबात चढला नाही. "तुमी शिवू नका माझ्या लेकराला."

चेअरमन साहेबांचा हात होता तिथेच राहिला. त्यांच्या जागी तो काळेवाडीचा मेकॅनिक आला आणि त्याने कोपरा धरला. पोरांनी त्याला उचललं आणि जिन्याने खाली नेलं.